एकसष्टावे पान

आपल्याकडचे पत्त्यांचे खेळ, मग ती रमी असो, मेंढीकोट असो किंवा मुलांचा झब्बू, एका न बोललेल्या करारावर उभे असतात. कॅट एकच असतो आणि तो सर्वांचा असतो. पाने ठरलेली, ती पिसायची, वाटायची आणि दैवाने हातात जे येईल त्यावर आपली अक्कल चालवायची. १९९३ साली अमेरिकेत ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला आणि त्याने हा करारच मोडून टाकला. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेल्या या खेळात सामाईक कॅट नाही. प्रत्येकाने आपला कॅट, त्यांच्या भाषेत डेक, घरून बांधून आणायचा. आजवर छापल्या गेलेल्या हजारो निरनिराळ्या पानांतून कोणती घ्यायची आणि कोणते पान किती वेळा घ्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. त्यामुळे खेळाचा फार मोठा भाग प्रतिस्पर्ध्यासमोर बसण्यापूर्वीच, एकट्याने, टेबलावर पाने मांडत आणि काढून घेत खेळला जातो.

मी साहित्याची विद्यार्थिनी. २०१४ ते २०१७ अशी तीन वर्षे मी अमेरिकेतल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावी होते आणि तिथल्या एका दुकानात शुक्रवारी संध्याकाळी हा खेळ खेळत असे. त्याविषयी आजवर लिहिले नाही, कारण राक्षस आणि ड्रॅगन यांच्या रंगीत चित्रांबद्दल साहित्यातल्या मंडळींपुढे बोलायचा संकोच वाटे. पण निवड आणि गाळणूक यांविषयी मला जे थोडेफार कळले आहे, त्यातले बरेचसे त्या दुकानातल्या घडीच्या टेबलांवर कळले. आणि गेल्या वर्षी एका अगदी वेगळ्या कामात ते उपयोगी पडले.

नियम आवश्यक तेवढेच सांगते. डेकमध्ये किमान साठ पाने हवीत. एक पान जास्तीत जास्त चारदा घेता येते. सुरुवातीला सात पाने हातात येतात, पुढे प्रत्येक पाळीला एक. दोघांचेही आयुष्य वीस गुणांचे. ते शून्यावर आले की डाव संपला. पानांतली काही ‘भूमी’ची असतात. ती स्वतः काहीच करत नाहीत. इतर पाने खेळायला लागणारी शक्ती, म्हणजे मॅना, तेवढी पुरवतात. यांना मात्र चारची मर्यादा नाही, निदान त्यांतल्या साध्या पानांना तरी नाही. सर्वसाधारण डेकमध्ये वीस ते पंचवीस पाने भूमीचीच असतात. नवखा खेळाडू इथेच अडतो. एवढी चमकदार पाने उपलब्ध असताना तिसरा हिस्सा या मुक्या पानांना का द्यायचा, हे त्याच्या मनाला पटत नाही.

गणित त्याला पटवते. साठात चोवीस भूमी असतील तर पहिल्या सात पानांत एकही भूमी न येण्याची किंवा एकच येण्याची शक्यता शंभरात सुमारे चौदा. वीसच भूमी ठेवल्या तर ती पंचवीसच्या घरात जाते. मात्र उलट बाजूही आहे. सातांपैकी पाच किंवा अधिक पाने भूमीचीच येऊन हात नुसताच जड होण्याची शक्यता चोवीस भूमींच्या डेकमध्ये शंभरात आठ असते, वीसच्या डेकमध्ये साडेतीन. दोन्हींकडे मरण आहे. कोणते मरण आपल्या डेकला परवडेल, एवढेच ठरवायचे असते.

साठ ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. कोणीही अडवत नसताना एकही जाणता खेळाडू सहसा एकसष्ट पाने का घेत नाही? चार प्रती असलेले एखादे महत्त्वाचे पान सुरुवातीच्या सातांत येण्याची शक्यता साठात ३९.९५ टक्के असते, एकसष्टात ती ३९.४ च्या आसपास येते. फरक अर्ध्या टक्क्याचा. पण दुकानातली मुरलेली मंडळी एकसष्टावे पान पाहिले की भुवया उंचावत. ते अर्ध्या टक्क्यासाठी नव्हे. एकसष्टावे पान म्हणजे निर्णय टाळल्याची खूण. रचनाकाराला दोन पानांतले एक निवडता आले नाही, एवढेच ते सांगते.

माझा डेक ‘बर्न’ जातीचा होता. ज्या वर्गात आम्ही खेळत असू त्यातल्या इतर डेकांच्या मानाने स्वस्त. याचे काव्यशास्त्र अत्यंत कोरडे आहे. ‘लायटनिंग बोल्ट’ हे पहिल्या संचापासूनचे पान एका लाल मॅन्यात तीन गुणांची इजा करते. प्रतिस्पर्ध्याचे आयुष्य वीस, म्हणजे अशी सात पाने पुरेत. पण बोल्ट चारच घेता येतात. मग त्याचे भाऊबंद शोधायचे: ‘लाव्हा स्पाइक’, ‘रिफ्ट बोल्ट’. प्रत्येक पान म्हणजे तीन मात्रांचा एक गण, असेच मी मनात धरले होते; गण जुळले की ओळ पुरी. तिथे अलंकाराला जागा नाही.

या पंथाची सुरुवात १९९६ ची मानतात. पॉल स्लाय नावाचा खेळाडू अटलांटा येथील एका पात्रता स्पर्धेत अशी पाने घेऊन वरपर्यंत पोचला की ज्यांतली कित्येक इतरांनी हातातही धरली नसती: ठेंगू, दुबळी, फुटकळ लाल पाने. रचना मूळची जे श्नायडर याची. पहिल्या पाळीला एक मॅना, दुसऱ्या पाळीला दोन, असा मॅना एकदाही वाया न घालवता प्रत्येक पाळी पुरेपूर वापरता यावी अशा प्रमाणात पाने बसवलेली होती. त्या प्रमाणाला पुढे ‘मॅना कर्व्ह’ हे नाव रूढ झाले. सुट्या पानांच्या गुणवत्तेपेक्षा त्यांच्या येण्याचा क्रम प्रभावी ठरू शकतो, हे तोवर कोणी इतक्या उघडपणे दाखवले नव्हते. आपल्याकडे घाट आणि आशय यांवर जो वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो, त्यात पुरावा म्हणून हा डेक सादर करावा असे मला अनेकदा वाटले आहे.

आणि तरीही माझा जीव एका पानावर होता. ‘ग्रिम लाव्हामॅन्सर’. एका मॅन्याचा दुबळा मांत्रिक. पण वापरून टाकलेल्या पानांच्या ढिगातली दोन पाने कायमची बाजूला काढली की तो दोन गुणांची इजा करतो, आणि दर पाळीला करू शकतो. जे संपले त्यातूनच पुन्हा जाळ काढणारे हे पान मला सगळ्या डेकमध्ये एकटेच काव्यमय वाटे. मी त्याच्या दोन प्रती ठेवल्या होत्या.

दुकानात एक पन्नाशीचे गृहस्थ येत, व्यवसायाने नळदुरुस्ती करणारे. त्यांनी मला वही ठेवायला शिकवले. डाव जिंकला की काही लिहायचे नाही; हरला की त्या क्षणी हातात कोणती पाने उरली होती आणि टेबलावर कोणती निकामी पडून होती, तेवढेच लिहायचे. जिंकलेल्या डावात सगळीच पाने चांगली दिसतात, असे त्यांचे म्हणणे. साठसत्तर डावांनंतर वही वाचली. लाव्हामॅन्सरचे नाव वारंवार आले होते. कारण स्पष्ट होते: पहिल्या दोनतीन पाळ्यांत ढिगात पानेच नसतात, आणि माझा डेक तर चौथ्या-पाचव्या पाळीपर्यंत डाव संपवायला बांधलेला. पान उत्तम होते, पण दीर्घ डावाचे होते. ते काढले. त्या जागी दोन साधी, तीन गुणांची पाने आली आणि डेक सुधारला. त्या संध्याकाळी मला आनंद झाला असे मात्र म्हणता येणार नाही.

इथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जिंकलेल्या डेकांच्या याद्या सर्वत्र उपलब्ध असतात. त्या उतरवून घ्याव्यात. बहुतेक लोक तेच करतात आणि काही जण त्यांना तुच्छही लेखतात. मला ही तुच्छता पटत नाही. बंदिश घराण्याची असते म्हणून गाणे उसने ठरत नाही. शिवाय याद्या शेजारी ठेवून पाहिल्या की पाठभेद दिसू लागतात. अठ्ठावन्न पाने सारखी, दोन वेगळी; आणि त्या दोन पानांवरून रचनाकाराला कोणाची भीती वाटत होती ते कळते. कारण डेक पोकळीत चांगला किंवा वाईट नसतो. कोणत्या गावी, कोणत्या हंगामात, कोणाकोणाविरुद्ध तो खेळला जाणार यावर सारे अवलंबून. त्यासाठी साठांखेरीज पंधरा पानांचा एक राखीव संच असतो, ‘साइडबोर्ड’. पहिला डाव संपला, समोरच्याची जात कळली, की त्यातली पाने आत घ्यायची. कीर्तनकार श्रोते पाहून दृष्टान्त बदलतो, त्यातलाच प्रकार. मायकेल फ्लोरेस याने १९९९ मध्ये लिहिलेला एक लेख या खेळाच्या समीक्षेत मैलाचा दगड मानला जातो. त्याचे म्हणणे असे की समोरासमोर आलेल्या दोन डेकांत एक आक्रमक असतो आणि एक बचाव करणारा; पण कोण कोणता, हे डेकवर लिहिलेले नसते, समोर कोण आहे त्यावर ठरते, आणि ही भूमिका चुकली की डाव हरला. एकच संहिता दुसऱ्या वाचकापुढे दुसरी होते, हे आम्ही वर्गात किती जड शब्दांत शिकवतो!

पान वाचण्यातही पिढ्यांचे अंतर पडते. १९९५ च्या ‘नेक्रोपोटन्स’ या पानाने दर पाळीला पान ओढण्याचा हक्क काढून घेतला जातो. त्याऐवजी आयुष्याचा एकेक गुण मोजून हवी तितकी पाने घेता येतात. प्रारंभी अनेकांना त्यात फक्त तोटा दिसला. १९९६ च्या उन्हाळ्यात याच पानाने स्पर्धा व्यापून टाकल्या. पान तेच होते. आयुष्य हे जपण्याचे नसून खर्चण्याचे चलन आहे, असे वाचणारे डोळे मात्र नंतर आले.

आता त्या दुसऱ्या कामाविषयी. माझे एक सर होते, महाविद्यालयात कविता शिकवत आणि स्वतः लिहीत. ते गेल्यावर काकूंनी त्यांच्या तीन जाडजूड वह्या माझ्या हवाली केल्या. निवडक कवितांचे पुस्तक करायचे होते. प्रकाशकांनी पृष्ठे मोजून दिली होती. मी प्रथम उत्तमोत्तम कविता वेगळ्या काढल्या आणि सलग वाचल्या. पुस्तक चालेना. प्रत्येक कविता आपापल्या जागी तेजस्वी, पण एकीनंतर दुसरी ऐकूच येईना. दोन आठवड्यांनी लक्षात आले की यात भूमी नाही. मग सरांच्या काही मध्यम, शांत कविता शोधल्या: पावसाळी दुपार, एसटीचा थांबा, कोणाचे तरी पत्र. त्या स्वतः फारसे काही करत नाहीत. पण त्या मध्ये आल्यावर पुढची कविता पेलता येऊ लागली. तिसरा हिस्सा मी त्यांना दिला. त्यासाठी ज्या अप्रतिम कविता गाळाव्या लागल्या त्यांतली एक मला तोंडपाठ आहे. ती दीर्घ डावाची कविता आहे, आणि हे पुस्तक आखूड आहे.

यादी घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, “अगं, ती गॅलरीतल्या तुळशीची नाही घेतलीस?” मी म्हणाले, “काकू, ती जरा कच्ची आहे. सरांनीच पुढे कधी छापायला दिली नाही.” त्या म्हणाल्या, “कच्ची असेल. मला त्यातलं काही कळत नाही. पण ती त्यांनी लिहिली तेव्हा मी तिथे होते.” आणि चहा टाकायला उठल्या.

त्या कवितेच्या बाजूने मला कोणताही युक्तिवाद सापडला नाही. ती तेज देत नाही, भूमीचे कामही करत नाही. नळदुरुस्तीवाल्या गृहस्थांच्या वहीत तिचे नाव पहिल्याच पानावर आले असते.

१९९६ सालच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या टॉम चॅनफेंगने पांढऱ्या पानांचा डेक आणला होता. त्यात एक निळे पान होते, ‘स्लाइट ऑफ माइंड’. दुसऱ्या पानावरचा रंगवाचक शब्द बदलून तिथे वेगळ्या रंगाचे नाव घालायचे, एवढेच त्याचे काम. म्हणजे संहितेत फेरफार करणारे पान. ते खेळायला निळा मॅना हवा. पण यादी लिहून देताना निळा मॅना देणाऱ्या चारही भूमी लिहायच्या राहिल्या, आणि नियमाप्रमाणे त्यांच्या जागी साध्या पांढऱ्या भूमी घेऊन त्याला खेळावे लागले. मग संपूर्ण स्पर्धाभर ते पान त्याच्या डेकमध्ये होते आणि कोणत्याही परिस्थितीत खेळता येण्याजोगे नव्हते. साठांतले ते एक पान मुके. चॅनफेंग त्या वर्षीचा जगज्जेता झाला.

तुळशीची कविता मी एकोणचाळिसाव्या पृष्ठावर घेतली. पृष्ठांची संख्या ठरलेली असल्यामुळे त्यासाठी एसटीच्या थांब्यावरची एक कविता काढावी लागली. मुद्रिते तपासताना प्रकाशकांनी समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून पाठवले होते. मी ते खोडरबराने पुसले आणि मुद्रिते परत केली.