सहा इंचांची होडी

कोकणात उतरणारा परगावचा माणूस बहुधा दोनच गोष्टींसाठी उतरतो : देवासाठी, नाही तर माशांसाठी. रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने निघालेल्या गाड्या गणपतीपुळ्याला थांबतात. मंडळी दर्शन घेतात, मोदक खातात, समुद्रात घोट्यापर्यंत पाय बुडवतात आणि परत फिरतात. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर मालगुंड आहे. मराठी शाळेत ज्याने चार वर्षे काढली त्याला हे नाव ठाऊक असते, कारण केशवसुतांचा जन्म इथला. पण ठाऊक असलेल्या गावी जावेच असे थोडेच आहे!

आम्ही गेलो ते तिसऱ्याच कामासाठी. आम्हाला रंग पाहायचे होते. समुद्राचे वा संध्याकाळचे रंग नव्हेत. ते कवींनी केव्हाच वाटून घेतले आहेत. आम्हाला पाहायचा होता होडीच्या फळीवरचा रंग : तो कुठे उडतो, कुठे टिकतो आणि उडाल्यावर खालून काय दिसते, एवढेच.

याचे कारण सांगायचे तर आमचा छंद सांगावा लागेल. विमाने, जहाजे, रणगाडे यांच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृती सुट्या भागांच्या पेटीत मिळतात. ते भाग जोडायचे, घासायचे आणि रंगवायचे. इंग्लंडात 1936 साली ‘फ्रॉग’च्या ‘पेंग्विन’ मालिकेतून प्लॅस्टिकची अशी विमाने निघाली. 1952 साली ‘एअरफिक्स’ने ड्रेकचे ‘गोल्डन हिंड’ जहाज स्वस्तात विकायला काढले आणि हा नाद घरोघर पोचला. आपल्याकडचे शौकीनही 1965च्या युद्धात गाजलेले नॅट विमान याच पेट्यांतून जोडतात आणि त्यावर भारतीय हवाई दलाची वर्तुळे चिकटवतात.

पाहणाऱ्याला वाटते, जोडणे हेच खरे काम. जोडणे एका सुट्टीच्या दिवसात होते. महिना जातो तो रंगात. आधी भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्यातून निघताना त्यांना तेलकटपणा चिकटलेला असतो. सांध्यांत लुकण भरायचे. मग पाण्यात भिजवलेल्या बारीक काचकागदाने, चारशे नंबरापासून हजारापर्यंत, बोटाला सांधा लागेनासा होईतो घासायचे. त्यावर करडे अस्तर. अस्तर फार चहाडखोर. झाकला असे वाटलेला प्रत्येक ओरखडा ते उघडा पाडते. पुन्हा घासणे आले. खरा रंग त्यानंतर, तोही दुधाइतका पातळ करून, दोन-तीन हातांत.

इतका पातळ का, त्याला हिशेब आहे. या छंदातले एक आवडते प्रमाण म्हणजे बाहत्तरास एक. सहा फुटांचा एक इंच. छत्तीस फुटांची होडी सहा इंचांत बसते आणि साडेपाच फुटी तांडेल इंचाहूनही थोडा कमी भरतो. पण रंगाला हे प्रमाण कोण सांगणार? कुंचल्याने दिलेला जाड हात मिलिमीटरचा दहावा भाग जरी झाला, तरी त्या चिमुकल्या जगात तो सात मिलिमीटरांचा थर होतो. सात मिलिमीटर रंग फासलेली होडी कोणी पाहिली आहे? मालगुंडच्या किनाऱ्यावरचा अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण ओल्या रंगावर बसला, तर त्या होडीवर तो सोललेल्या सुपारीपेक्षा मोठा धोंडा ठरतो. ज्या गावात वाळू खिशात, चपलेत आणि आमटीतही सापडते, तिथे रंगाची डबी उघडणाऱ्याने दार लावून घेतलेले बरे.

मालगुंडला लागूनच वरवडे आहे. तिथे खारवी मंडळींची वस्ती, खाडी आणि होड्या. या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, डागडुजी त्याच दिवसांत होते आणि ऑगस्टात नवे रंग पाण्यात उतरतात. आम्ही गेलो ते पावसानंतर. बाहत्तरास एक हे प्रमाण डोळ्यांना पटवायची एक सोपी युक्ती आहे. हातात धरलेली प्रतिकृती आपण साधारण फुटभरावरून पाहतो. म्हणजे खरी होडी बाहत्तर फुटांवरून पाहिली पाहिजे. मोठी तीसएक पावले. तेवढे मागे सरकून पाहा. जवळून जो निळा डोळ्यांत भरतो तो तिथून थोडा पांढुरका, थोडा राखाडी दिसतो, कारण मध्ये खारी, दमट हवा उभी असते. म्हणून कित्येक शौकीन डबीतल्या रंगात पांढऱ्याचा एखादा थेंब मिसळतात. कित्येकांना ते मुळीच मान्य नाही. या वादात मैत्र्या तुटल्याचे ऐकिवात नाही, पण चहा थंड झालेले आहेत.

एका वृद्ध तांडेलांना आम्ही विचारले, “बाबा, पूर्वीच्या मचव्यांना रंग कुठला असायचा?”

ते जाळे बाजूला न ठेवताच म्हणाले, “रंग इचारताव? आदी कंचा म्हयना ता सांगा.”

आमची वही त्या एका वाक्याने भरली. होडीला एक रंग नसतोच. तिला महिने असतात. ऑगस्टात ती नवरीसारखी असते. दिवाळीपर्यंत जिथे दोर घासतो तिथली फळी उघडी पडते, नांगर जिथून उतरतो तिथे गंजाचा ओघळ येतो. मेमध्ये उन्हाने रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खालचा, गेल्या सालचा रंग डोकावतो. परदेशी शौकीन हा परिणाम साधायला मीठ वापरतात. आधी खालचा रंग द्यायचा, त्यावर पाणी लावून मिठाचे दाणे शिंपडायचे, वाळले की वरचा रंग फवारायचा आणि मग मीठ चोळून काढायचे. खाली जुना रंग उघडा पडतो. इथे हेच काम समुद्र फुकट करतो.

जुन्या लाकडी गलबतांना तर डबीतला रंग फारसा नसेच. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबी यांचा लेप द्यायचा, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा लागत नाही. वरच्या फळ्यांना माशाचे तेल. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरची शिडाची गलबते खाली पिवळसर पांढरी आणि वर तेलाने काळवंडलेली तपकिरी दिसत. हे रंग कोणी शोभेसाठी निवडले नव्हते. ते कामातून आले होते. प्रतिकृतीवर आरशासारखे चकचकीत व्हार्निश चढवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. तेल प्यालेले लाकूड चकाकत नाही, नुसते उजळते.

दुपारी केशवसुतांच्या घरी गेलो. कृष्णाजी केशव दामले इथे 1866 साली जन्मले आणि 1905 साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, हुबळीला प्लेगने गेले. कोकण मराठी साहित्य परिषदेने हे घर राखले आणि 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. जुने घर जुन्याच वळणाचे ठेवले आहे. आमच्या छंदाच्या डोळ्यांना तो प्रश्न लगेच दिसला : जुन्या वस्तूला नवा हात किती द्यावा? कमी दिला तर पुढच्या पावसात भिंत बसते. जास्त दिला तर वस्तू उरते आणि तिचे वय जाते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ 1817 साली पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडात हार्टलपूलला डागडुजी करून जपलेली आहे. ज्यांनी ती उभी केली त्यांना हाच प्रश्न पडला असणार. घर काय, जहाज काय किंवा सहा इंचांची होडी काय, शेवटचा हात देणाऱ्याला थांबायचे कुठे हे कळावे लागते.

ते कुठे शिकावे? आमच्या मते गणपतीच्या कारखान्यात. कोकणातल्या गावोगावी श्रावणात हे काम पाहायला मिळते. मूर्तीला आधी पांढरे अस्तर, मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने आणि सगळ्यांत शेवटी डोळे. डोळ्यांची आखणी करणारा हात एकदाच फिरतो. पुन्हा गिरवला की नजर बिघडते. बाहेर धो धो पाऊस असतो, रंग लवकर वाळत नाही आणि गणेश चतुर्थी तर पुढे ढकलता येत नाही. आमच्यासारख्याने त्या दिवसांत लॅकर फवारला, तर हवेतली ओल धरून त्यावर पांढुरकी साय येते. म्हणून मालगुंडला आमचा रंगाचा हंगाम दसऱ्यानंतरचा : हवा कोरडी, ऊन सौम्य.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते सांगतो. इंग्रजी विमानाची पेटी उघडली तर आत कागद असतो : पंखाच्या वरच्या बाजूला अमुक नंबरचा रंग, खालच्या बाजूला तमुक, अमक्या साली, अमक्या तळावर. आमच्या मचव्याचा, पडावाचा, उलांडीच्या होडीचा असा कागद आम्हाला कुठे मिळाला नाही. शिडाची गलबते गेली. लाकडाची जागा फायबर घेत आहे. यात रडण्यासारखे काही नाही. फायबरची होडी हलकी, तिला किडा लागत नाही, आणि ज्याला पहाटे समुद्रावर जायचे आहे त्याने आमच्या छंदासाठी गळकी फळी का सांभाळावी? पण ज्या तांडेलांनी चुना-चरबीचा वास घेतला आहे, ते आता थोडेच उरले आहेत. दोर कुठे घासत असे, नाळेवर काय रंगवीत, तेल वर्षातून कितीदा देत, हे त्यांनाच विचारायला हवे. त्यांच्यामागून होडीचा सांगाडा संग्रहालयात मिळेल, मापेही मिळतील, पण तिचे महिने मिळणार नाहीत.

काम मोठे नाही. एक वही, एक मोजपट्टी, रंगाचे चार तुकडे ताडून पाहायला, आणि तांडेलाशेजारी बसायला एक सकाळ. पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि सुती दोरा यांतही सहा इंचांची होडी उभी राहते. परदेशी पेटीच हवी असे नाही.

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. मातीचे बुरूज, हळीवाची हिरवळ, वर सिंहासनावर महाराज, दारात मावळे. कोणी सिंधुदुर्ग करतो, कोणी जंजिरा, आणि भोवती निळा कागद पसरून समुद्रही करतो. त्या समुद्रात बहुधा काहीच नसते, फार तर कागदाची नाव. यंदा तिथे एक गलबत सोडा. खाली पिवळसर पांढरा, वर तेलकट तपकिरी, आणि दोर जिथे घासतो तिथे उघडे लाकूड. पोराने विचारले, “बाबा, नवे करकरीत का नाही रंगवले?” तर त्याला सांगा, ते कामावर आहे.