उभी गाडी

अमेरिका-कॅनडातली आपली मंडळी हिवाळ्यात कॅम्पर व्हॅन झाकून ठेवतात आणि बर्फ वितळलं की तिला पुन्हा जागं करतात. आम्हां सिंगापूरकरांना कुठला हिवाळा? विषुववृत्त जेमतेम १३७ किलोमीटरवर! पण डिसेंबरच्या सुट्टीत भारतवारीला गेलं की आपल्याही गाड्या उभ्याच राहतात. २०२० साली ७ एप्रिल ते १ जूनच्या 'सर्किट ब्रेकर'मध्ये तर गावातच असून कित्येक गाड्या जागच्या हलल्या नाहीत.

गेल्या खेपेला पुण्यात आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि आमची तीन आठवड्यांची वारी दोन महिन्यांची झाली. परत येऊन बघतो तो कारपार्कात गाडी धुळीने माखलेली, स्टिअरिंगवर पांढरी बुरशी, चाकं बसलेली. किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'!

इथे थंडीचा त्रास नाही, पण उकाडा आणि दमट हवा दोन्ही गाडीच्या मुळावर येतात. उकाड्याने बॅटरीचं आयुष्य घटतं. त्यात गाडी बंद असली तरी घड्याळ नि अलार्म थोडी थोडी वीज पीतच असतात. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली की तिच्यात जोर उरत नाही. आणि १९९० पासून चालत आलेलं दहा वर्षांचं सीओई काही उभ्या गाडीसाठी थांबत नाही!

शेजारचे पाकचिक केबल आणि पायपंप घेऊन धावून आले. आधी चाकांत हवा भरली. मग लाल चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या 'अधिक' टोकांना, एक काळा त्यांच्या 'उणे' टोकाला आणि शेवटचा काळा आमच्या इंजिनाच्या उघड्या धातूवर. तो बॅटरीवर लावायचा नाही, कारण ठिणगी उडाली तर बॅटरीतला वायू पेट घेऊ शकतो. पाच मिनिटं थांबून किल्ली फिरवली आणि बाईसाहेब खोकत खोकत उठल्या. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवणं हा इथे गुन्हा, म्हणून तडक ईस्ट कोस्टच्या रस्त्याने तासभर फिरवून आणली. ब्रेकच्या तबकड्यांवरचा गंज चार वेळा ब्रेक दाबल्यावर खरवडून निघाला.

आता लांबच्या वारीला निघताना किल्ली पाकचिकांकडे द्यायची असं ठरलंय. आठवड्यातून एकदा ते चक्कर मारून आणतील. बदल्यात चितळ्यांची बाकरवडी.

तिकडे डॉक्टरांनी आईला ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी उभं केलं होतं. पडून राहिलं तर सांधे धरतात म्हणाले. त्या रविवारी तिचा फोन आला.

"गाडी चालू झाली का रे?"

"झाली. आणि तुझं काय?"

"आज वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाऊन आले. उद्यापासून जिना."