झाकण घट्ट धर!

मॉलमधल्या फ्रीजरसमोर उभं राहून ‘वाइल्ड कॅच’ असं लेबल वाचलंय कधी? सालमनच्या त्या गुलाबी तुकड्याचा भाव बघून आपण पाकीट हळूच जागेवर ठेवतो. आमच्याकडे मात्र ‘वाइल्ड कॅच’ टोपलीतून यायचा, जिवंत यायचा आणि संधी मिळाली की अंगणभर पळायचा. त्याचं नाव निवटी!

शिकार म्हटलं की कुणाला ससा आठवतो, कुणाला लावे. जुन्या मंडळींच्या गप्पांत ते अजून रंगतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते प्रकरण गप्पांपुरतंच उरलं, आणि बरंच झालं. आम्हा उरणच्या आगऱ्यांची शिकार तशीही रानापेक्षा खाडीतच जास्त. निवटी हा मासाच, पण जरा हटके. डोळे बेडकासारखे डोक्यावर. ओहोटी लागली की पुढच्या परांवर रेलत चिखलावर चालते, तिथलं शेवाळ खरवडून खाते. अंग ओलं असेल तोवर कातडीतून आणि तोंडातून चक्क हवेतला ऑक्सिजन घेते. म्हणूनच पाण्याबाहेर काढल्यावर तासन् तास तिची मस्ती जात नाही.

मी फ्रीलान्सर. नेरूळला दोघी मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. फ्लॅट देताना ब्रोकरने पहिला प्रश्न ‘नॉनव्हेज बनवता का?’ हाच विचारला होता. बोनलेस चिकनवर आमची तडजोड झालीय. म्हणजे काय, तर प्राणी म्हणून ओळखू येईल असं काही घरात आणायचं नाही. निवटीला तर नुसते डोळेच असतात, बॉस!

जून लागला की १ तारखेपासून यांत्रिक बोटी बंद, आणि खाडीच्या माशांना भाव येतो. अशाच एका जूनमध्ये आत्याचा फोन आला, ‘शनवारी ये गो बाय. चवथ हाय, नवाला सुकती.’ आत्या भरती-ओहोटी मोबाइलवर बघत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे तिचं गणित. चतुर्थी म्हणजे चारची पाऊणपट तीन. तीनला भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मी गुपचूप ॲपवर ताडून पाहिलं. दहा-पंधरा मिनिटांचा फरक होता फक्त.

शुक्रवारी रात्रीच उरण लोकल पकडली. ही लोकल २०२४ च्या जानेवारीत थेट उरणपर्यंत आली. त्याआधी एस.टी. नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच, असं सगळं होतं.

सकाळी नऊला चिखलात मांडीपर्यंत रुतलो. जिममधल्या स्क्वॉट्सचा इथे काडीचाही उपयोग नाही. निवटीच्या बिळाला एकाहून जास्त तोंडं असतात. आत्या एका तोंडावर पाय दाबून धरते आणि दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालते. मग काही क्षण तिचा चेहरा एकदम कोरा होतो. फोनवर ओटीपीची वाट बघताना आपला होतो ना, तसा. आणि मुठीत निवटी! दोन तासांत तिला बावीस मिळाल्या, मला दोन.

खरं काम घरी. जिवंत निवट्या पातेल्यात टाकल्या, वर चुलीतली राख. ‘झाकण घट्ट धर,’ आत्या म्हणाली. आतून झाकणावर टपाटप आपटण्याचा आवाज येत होता. राखेने अंगावरचा बुळबुळीतपणा निघतो, नाहीतर त्या हातात ठरत नाहीत. आवाज थांबला, तसं माझ्या पोटात काहीतरी झालं. चिकनच्या पाकिटाला आवाज नसतो, एवढाच फरक आहे हे कळत होतं. तरी झाकणावरचे हात काढावेसे वाटले. आत्याने ते ओळखलं असावं, कारण तिने झाकण घेतलं नाही. मग पाटीवर घासायच्या, पर आणि शेपूट छाटायची, पोटाला चीर देऊन आतडी काढायची. पहिल्या पाचेक मी केल्या तेव्हा आत्याच्या पंधरा झाल्या होत्या.

‘माझ्या सुनेला नाय येत हे,’ ती म्हणाली. तक्रार नव्हती. सून बेलापूरला नोकरीला जाते, तिला वेळ कुठाय?

आणि खाडी तरी कुठाय? न्हावा-शेवाचं बंदर १९८९ ला सुरू झालं, मग एकेक करत भराव वाढत गेले. खारफुटी गेली, निवट्यांचा चिखल गेला. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण-पनवेलच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. आत्याचं गाव त्यात नव्हतं. तिच्या घरामागची खाडी भरून तिथे कंटेनर यार्ड झालंय, आणि आतेभाऊ त्याच यार्डात सुपरवायझर आहे. घराचा स्लॅब त्याच पगारातून पडला. आत्या यार्डाला शिव्या घालते आणि मुलाचा डबाही वेळेवर भरते.

रस्सा साधाच. तेलात ठेचलेला लसूण, हिंग, हळद, आगरी-कोळी मसाला, बटाट्याच्या फोडी, चिंचेचा कोळ. उकळी आली की निवट्या सोडायच्या. डाव घालायचा नाही, पातेलंच फिरवायचं. नारळ घालायचा नाही! (या मुद्द्यावर आमच्यात चर्चा होत नाही.) मांस मऊ, किंचित गोडसर. सोबत तांदळाची भाकरी.

आतेभाऊ दोनला ड्युटीवरून आला आणि युनिफॉर्म न बदलताच जेवायला बसला.

‘कुठनं आणल्या?’

आत्याने यार्डाच्या भिंतीपलीकडे हात केला.

‘अजून हायत तिथं?’

‘हायत. थोड्या.’

त्याने भाकरी मोडली आणि रश्श्याची वाटी पुढे केली.