सातबाऱ्यावरचं नाव

निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल-श्रीफळ दिलं. त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतली एक बाई दारात आली आणि पोस्टमार्टमचा कागद पुढं धरून म्हणाली, ‘‘गुरुजी, काय लिवलंय ह्याच्यात, वाचून दावा की.’’ नवऱ्यानं आत्महत्या केलेली. पदरात दोन लेकरं, सोयाबीन अजून रानातच.

लोहारा तालुक्यात मास्तरकी केलेल्या माणसाला कागदांचं नवल नाही. गणपती बोळवून लोक झोपले आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर सास्तूरच्या बाजूला आम्ही मास्तर दिवसा पत्र्याच्या शेडात शाळा भरवायचो आणि संध्याकाळी घर पडलेल्यांचे अर्ज लिहून द्यायचो.

शेतकरी आत्महत्येच्या मदतीचे नियम मात्र मी या बाईमुळं पहिल्यांदा नीट वाचले. 2006 च्या शासन निर्णयानं ठरलेली रक्कम एक लाख : 30 हजार लगेच, 70 हजार ठेवीत, त्याचं व्याज महिन्याला. प्रकरण ‘पात्र’ व्हायला नापिकी, थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा दिसावा लागतो. कर्जही बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. तिच्या नवऱ्यानं सोसायटीचं थोडं आणि बाकी गावातल्याच एकाकडून टक्क्यानं उचललेलं. टक्क्याच्या पैशाला कागद कुठला? ज्या कर्जानं माणूस खचला, ते जिल्हा समितीपुढं आलंच नाही. सोसायटीच्या थकबाकीवर प्रकरण निभावलं, एवढंच.

पण लाखभर रुपये किती दिवस पुरणार? म्हणून मी सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीच्या मागं लागलो. कायद्यानं आई, बायको, मुलगा, मुलगी सगळेच वारस. दीर म्हणाला, ‘‘लेकरांची लावू की नावं, तिचं कशाला? उद्या दुसरं घर केलं म्हंजे?’’ मी व्याख्यान दिलं नाही. अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं स्वयंघोषणापत्र दिलं. मग नोटीस, पंधरा दिवस हरकतीची वाट, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. वाचायला सोपं, प्रत्यक्षात कधी सर्व्हर बंद, कधी साहेब मीटिंगला. दिरानं हरकत घेतली नाही. त्याची थोरली पोरगी माझ्या हाताखाली शिकलेली. तिनं घरात भांडण काढलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग निराधारचं प्रकरण. संजय गांधी योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये हवे असतील तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला आणा. म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत! जमीन नावावर लागली की त्याच दाखल्याला बाई अडते. ज्यानं ही मर्यादा ठरवली त्यानं एकदा लोहाऱ्याच्या बाजारात पिशवी घेऊन फिरावं.

आता आसपासच्या गावांतूनही बाया येतात. त्यांच्यासंगं तहसीलला बहुतेक वेळा ती वाडीतली बाईच जाते. आधार, पासबुक, फोटो, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स, सगळं तिच्या थैलीत तयार असतं. परवा मी चपला घालायला लागलो तर म्हणाली, ‘‘तुमी बसा गुरुजी. ऊन लई हाय, अन् सायबाशी तुमी लई येळ बोलत बसता.’’