दुसऱ्याच्या बाळाचा घास

लहान मूल जेवत असताना त्याच्याकडे टक लावून बघू नये, असा साताऱ्याकडच्या आमच्या पाटण खोऱ्यात जुन्या बायकांचा दंडक होता. दारात कुणी आलं की आजी नातवाची वाटी पदराआड घ्यायची. बघणाऱ्याची दृष्ट लागते, पोर घास थुंकतं, रात्रभर किरकिरतं, असा समज. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायच्या. दृष्टीवर माझा विश्वास नाही. तरी एसटी स्टँडवर तासभर बसलं की त्या दंडकातलं शहाणपण पटतं. बघणाऱ्याच्या नजरेनं पोराचं काही बिघडत नाही. ती नजर लागते आईला.

पाटण तालुक्याचा अर्धा जीव मुंबईत असतो. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. ओझी वाहणाऱ्यांना १९६९ साली कायद्याचं संरक्षण मिळालं ते त्यांच्या लढ्यातून, आणि त्या कायद्याखाली घाम गाळणारी कितीतरी माणसं इथल्याच डोंगरातली. मे महिन्यात जत्रा आणि लग्नं निघाली की कोपरखैरणे-घणसोलीची बिऱ्हाडं कच्च्याबच्च्यांसह गावाकडे येतात. ढेबेवाडीची, तारळ्याची, कोयनानगरची गाडी लागेपर्यंत एकाच बाकावर मुंबईचं बाळ आणि गावचं बाळ शेजारीशेजारी जेवतं. मुंबईच्या बाळाच्या डब्यात उकडून कुस्करलेलं गाजर, गावच्या बाळाच्या हातात चहात बुडवलेलं बिस्किट. दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या वाटीत बघतात आणि दोघींनाही वाटतं, या पोराचं कसं व्हायचं!

अशाच एका दुपारी समोरच्या बाकावरची मुलगी पावडरचं दूध करत होती. थर्मासमधलं पाणी बाटलीत ओतलं, मापाचा चमचा डब्याच्या काठाला घासून सपाट केला, एक-दोन-तीन असं ओठांतल्या ओठांत मोजलं, बाटली हलवली आणि दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघितले. इतकं नेटकं काम मी दवाखान्यातही क्वचित बघितलंय. शेजारच्या म्हातारीला मात्र फक्त बाटली दिसली. 

"अंगावरचं न्हाई व्हय गं? वरच्या दुधानं पोर धरंल का अंग?"

मुलगी आधी हसली. म्हातारीनं पुन्हा विचारलं. बाजूच्या दोघी-तिघी वळल्या. मग ती खाली बघत म्हणाली, "औषधं चालू हायती माझी, आज्जी. डॉक्टरांनी न्हाई सांगितलंय." त्यावर पुढचा प्रश्न आलाच, "कसली औषधं?"

म्हातारी वाईट नव्हती. तिनं आठ-दहा पोरं हातावर वाढवलेली असणार, आणि आईचं दूध उत्तम हे तिचं म्हणणं जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याशी तंतोतंत जुळतं: पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही. म्हणणं खरं होतं. पण ते ऐकवल्यामुळे त्या मुलीला बाळाला दूध पाजण्यासाठी स्वतःचा आजार अख्ख्या स्टँडपुढे मांडावा लागला. खरं बोलूनही माणसाला उघडं पाडता येतं. कुणाचं मूल दत्तक असेल, कुणी आई गेलेल्या भाच्याला सांभाळत असेल, कुणाला जुळी असतील. बाटलीवरून यातलं काहीच कळत नाही.

शिवाय आज ज्या मापानं आपण मोजतो, ते माप तरी कुठे टिकतं? आमच्या लहानपणी गुबगुबीत पोराला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणायचे, आणि ती शाबासकी असायची. सुदृढ बालक स्पर्धांत वजनदार पोरं बक्षिसं घेऊन जायची. जन्मल्या बाळाला सोन्याच्या वळ्यानं मध चाटवणं हा तर संस्कार. डोंगरातला मध म्हणजे अमृत, त्यात वावगं काय? आता डॉक्टर सांगतात, वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो.

शेंगदाण्याची गोष्ट याहून गमतीची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली सांगितलं, ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. २०१५ साली लंडनमध्ये झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, तर ते थेट उलटे: धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ दिले तर ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटलं. म्हणजे मधली काही वर्षं बाळाला शेंगदाणा चाटवणारी आई बेजबाबदार आणि न चाटवणारी शहाणी ठरली, आणि मग निकाल फिरला. आमच्या साताऱ्याकडे कूट नाही अशी भाजी नाही; इथल्या आयांना या वादाचा पत्ताही नव्हता. अख्खा दाणा घशात अडकतो म्हणून तो लहान पोराच्या हाती द्यायचा नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते आजही खरं आहे.

मग काय, कुणी काहीही भरवावं आणि आपण तोंडाला कुलूप लावावं? तेही पटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळत होता फक्त ११.३ टक्क्यांना. सहाव्या महिन्यानंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा ओसरू लागतो. नेमक्या त्याच वेळी वाटीत चहा आला तर अन्नातलं आहे ते लोहही धड अंगी लागत नाही. चहा-बिस्किटाची काळजी म्हणजे शहरी नखरा नव्हे.

पण ते बिस्किट बाळाच्या हातात येतं कसं, तेही बघायला हवं. कचेरीतल्या बाईला २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, म्हणजे बरोबर सहा महिने. भातलावणीला जाणाऱ्या बाईला ती नाही. मरळीच्या कारखान्यावर ऊस तोडायला येणाऱ्या टोळीतली बाई तर पहाटे फडात उतरते आणि बाळ पाचटाच्या सावलीला, पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या राखणीत. त्या बहिणीला खिमट शिजवता येत नाही. पुडा फोडता येतो.

तोच पुडा दुकानात डोळ्यांसमोर लोंबत असतो, पाच रुपयांना. नाचणी मात्र डोंगरावर पिकते आणि घरात कष्ट मागते. भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजून दळायची. मोड आलेल्या नाचणीची पेज घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि बाळाच्या इवल्या पोटात जास्त अन्न जातं. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. हे सगळं ज्या आज्यांना येत होतं, त्यांच्या घरात ते करायला चार हात होते. आता मुलगा वाशीच्या मार्केटात, सून रोजगाराला आणि आजीचे गुडघे गेलेले.

जुन्या काळच्या बायका कमी बोलायच्या असं मुळीच नाही. चांगल्या फटकळ होत्या. "आगं, पोराला च्या काय पाजतीस, अक्कल हाय का!" असं तोंडावर म्हणायच्या. पण म्हणता म्हणता पोर ओढून स्वतःच्या मांडीवर घ्यायच्या आणि चुलीवरच्या गुरगुट्या भातातला मऊ भाग चिमटीनं कुस्करून भरवायच्या. तेवढ्यात आई दोन घागरी पाणी आणायची. त्यांचं बोलणं आईला सोसायचं, कारण त्याच्यामागून मांडी यायची. आता बोलणं तेवढं उरलंय. ज्याला दोन थांब्यांनंतर उतरून जायचंय, तो बाळाचा अख्खा आहार ठरवून उतरतो.

म्हणूनच आरोग्य खात्याच्या आशाताईचं बोलणं मला वेगळं वाटतं. ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येते. चहाबद्दल तीही सांगते, पण आधी वजनाचं कार्ड बघते, अंगणवाडीतला शिधा आणलाय का विचारते, घरात कोण आहे ते तिला माहीत असतं. आणि मुख्य म्हणजे ती पुन्हा येणार असते. तिचं सांगणं चुकलं तर पुढच्या खेपेला तेच बाळ तिच्यासमोर असतं.

आपला राग काढायचाच असेल तर त्याला दुसरीकडे भरपूर जागा आहे. भारतात १९९२ सालीच शिशुदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुअन्नाविषयीचा कायदा झाला. दूध पावडरच्या डब्यावर बाळाचं चित्र छापायला त्यात बंदी आहे. २००३ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंतच्या शिशुअन्नाच्याही जाहिरातींना आळा घातला. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेनं दाखवून दिलं की सेरेलॅक हे शिशुअन्न भारतात साखर घालून विकलं जातं आणि जर्मनी-ब्रिटनमध्ये तसंच उत्पादन साखर न घालता. बोभाटा झाला, आणि त्याच वर्षी कंपनीनं इथेही बिनसाखरेचे प्रकार आणत असल्याचं जाहीर केलं. एकेका आईला टोकून हे कधी झालं नसतं.

एसटीच्या स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना आपण हिरकणीचं नाव दिलंय. बाळाला पाजायचं म्हणून रायगडाचा कडा उतरलेल्या त्या गवळणीचं आपण अजून कौतुक करतो, करावंच. पण गोष्टीत महाराजांनी नुसती शाबासकी दिली नाही, त्या जागी बुरूजही बांधला. आईच्या हिकमतीचं कौतुक झाल्यावर तिची वाट कुठे अवघड होती, हे बघणंही त्या गोष्टीत आहे. आपण पुष्कळदा कौतुकावर थांबतो, आणि जिला कडा उतरता आला नाही तिच्याकडे डोळे बारीक करून बघतो.

स्टँडवर दुसऱ्याच्या बाळाची वाटी बघून जीभ वळवळली, तर आधी दोन गोष्टी बघाव्यात. हात धुवायचा नळ चालू आहे का, हिरकणी कक्षाला कुलूप तर नाही ना. नळ कोरडा असला, कुलूप असलं, तर आगारप्रमुखाच्या खिडकीवर जाऊन आवाज चढवावा. तिथे तो कामाचा आहे. आणि बाईशीच बोलायचं असेल तर, "आण इकडं, तुझं खाऊन होईस्तवर मी घेते" एवढं म्हणावं. तिनं बाळ दिलं, तर सल्ल्याचं बोलणं आपसूक निघेल, आणि निम्म्या वेळा सल्ला तीच आपल्याला देईल.