गावठी म्हणवून घेणारा पाहुणा

'देशभक्त गायक' म्हटलं की डोळ्यांसमोर झेंडा येतो आणि टिपेला गेलेला आवाज. मर्ल हॅगार्ड या अमेरिकन कंट्री गायकाला ही पाटी चिकटली ती १९६९ मध्ये, 'ओकी फ्रॉम मस्कोगी' या गाण्यामुळे. व्हिएतनाम युद्ध चालू होतं, तरुण पोरं सैन्यभरतीची कार्डं जाळत होती. आमच्या छोट्या गावात असले प्रकार चालत नाहीत, असा त्या गाण्याचा सूर. निदर्शनांना वैतागलेल्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

त्याच वर्षी हॅगार्ड 'द जॉनी कॅश शो'मध्ये पाहुणा म्हणून गेला होता. एबीसी वाहिनीवरचा हा कार्यक्रम नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममध्ये व्हायचा. ती वास्तू मुळात प्रार्थनेसाठी बांधलेली. शो कंट्रीचा, पण पहिल्याच भागात बॉब डिलन आणि जोनी मिचेल. पुढे लुई आर्मस्ट्राँग आला, युद्धाच्या विरोधात गाणारा पीट सीगरही आला. म्हणजे हॅगार्ड आणि सीगर, दोघांना एकच स्टेज.

हॅगार्डकडे लपवण्यासारखं काहीतरी होतं. तरुणपणी तो सॅन क्वेंटिन तुरुंगात होता. कॅश तिथे कैद्यांसमोर गायला, तेव्हा हा समोर कैद्यांमध्ये बसलेला. हे लोकांना कळलं तर करिअर संपेल, ही त्याची धास्ती. कॅशचा सल्ला उलटा होता: तूच सांगून टाक, म्हणजे कुणाच्या हातात काही उरणार नाही. त्याने टीव्हीवर सांगितलं. करिअर संपलं नाहीच, १९७० मध्ये तो कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' ठरला.

आता 'ओकी' या शब्दाकडे बघा. १९३० च्या दशकात ओक्लाहोमातून पोटासाठी कॅलिफोर्नियात आलेल्या लोकांना ही शिवी मिळायची. हॅगार्डचे आईवडील त्यांच्यातलेच. मालगाडीच्या जुन्या डब्याचं घर करून ते राहिले. त्यांच्या पोराने तीच शिवी गाण्याच्या नावात अभिमानाने घातली.

मी लातूरकडचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा माझ्या 'करायलो', 'जायलो'वर हॉस्टेलात हशा व्हायचा. 'गावठी' हे माझं जवळजवळ दुसरं नाव होतं. त्यामुळे त्या गाण्याचं राजकारण मला पटत नसलं, तरी त्यातला 'ओकी' कळतो. ज्यांची भाषा आणि कपडे यांवर शहर हसतं, त्यांना कुणीतरी 'तुम्हीच खरे देशवासी' म्हटलं, तर ते उभं राहून टाळ्या वाजवणारच. ही भूक राजकारण्यांना लगेच दिसते. १९७० मध्ये कॅश व्हाइट हाउसमध्ये गायला, तेव्हा निक्सन यांच्याकडून याच गाण्याची फर्माईश आली होती. कॅशने ते गायलं नाही. त्याने तरुणांच्या प्रश्नांवरचं स्वतःचं 'व्हॉट इज ट्रुथ' गायलं.

हॅगार्ड मात्र पाटीत मावला नाही. २००३ मध्ये इराक युद्धावरून राष्ट्राध्यक्षांवर टीका केली म्हणून 'डिक्सी चिक्स' या कंट्री बँडची गाणी अनेक रेडिओ स्टेशनांनी बंद केली. तेव्हा हा 'देशभक्त' त्या तिघींच्या बाजूने बोलला. युद्धाच्या बातम्या कशा दाखवल्या जातात, यावर त्याने गाणंही केलं. देशावरचं त्याचं प्रेम तेच होतं. फक्त या वेळी ते कुणाच्या फर्माईशीचं नव्हतं.