लाल कळांचे यंत्र

१९८० च्या दशकात ज्यांनी शाळेत प्रथमच संगणक पाहिला, त्यांच्यापैकी कित्येकांच्या डोळ्यांपुढे तो शब्द उच्चारताच आजही फिकट पिवळसर रंगाची एक पसरट पेटी उभी राहते. कळफलक त्या पेटीतच बसवलेला असे आणि त्याच्या वरच्या अंगाला दहा लाल कळांची ओळ. खटका दाबला की आधी एक घोगरा, लांब स्वर आणि त्यामागोमाग एक तीव्र, आखूड स्वर उमटे. मग काळ्या पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ ही अक्षरे दिसत. त्या दोन स्वरांनी वर्गातली कुजबुज जशी थांबे, तशी माझ्या छडीने कधी थांबली नाही.

इंग्लंडातील बीबीसी या नभोवाणी संस्थेने सामान्य लोकांना संगणक शिकवण्यासाठी दूरचित्रवाणीवर एक मालिका करावयाचे ठरवले आणि तिच्या जोडीला घरात व शाळेत वापरता येईल असे यंत्र हवे म्हणून केंब्रिजच्या एकॉर्न या लहानशा कंपनीकडून ते करवून घेतले. यंत्र १९८१ च्या अखेरीस बाजारात आले, मालिका जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाली. बारा हजार यंत्रे खपतील असा बीबीसीचा अंदाज होता; प्रत्यक्षात दहा लाखांहून अधिक खपली. त्यातील बेसिक ही भाषा सोफी विल्सन यांनी रचली. त्यांनीच पुढे स्टीव्ह फर्बर यांच्यासह १९८५ मध्ये एआरएम हा नवा प्रक्रियक घडवला. आज आपल्या बहुतेकांच्या खिशातील मोबाइलमध्ये त्याच वंशाचा प्रक्रियक असतो. भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला निघालेली आपली बायामाणसे मोबाइलवर बोलत असतात, तेव्हा केंब्रिजच्या त्या पेटीचे खापरपणतूच त्यांच्या हाती असते म्हणा ना!

हे यंत्र आपल्या देशात आले ते केंद्र शासनाच्या ‘क्लास’ नावाच्या प्रकल्पातून. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात आरंभी अडीचशे शाळा निवडण्यात आल्या आणि पुढे ही संख्या वाढत गेली. आमच्या शाळेच्या वाट्याला दोन यंत्रे आली. मी गणित शिकवत असे, म्हणून ती माझ्या स्वाधीन झाली. चप्पल दाराबाहेर काढून मुले त्या खोलीत येत. तसा नियम कुणी केला नव्हता. देवळाच्या साक्रिस्तीत वावरावे तशी ती आपणहून वावरत.

बत्तीस किलोबाइट म्हणजे किती, हे आजच्या वाचकाला सांगणे अवघड आहे. मोबाइलमधील एखाद्या साध्या छायाचित्राला याच्या शंभरपट जागा लागते. त्यातही रंगीत चित्र काढायचे ठरवले की बत्तीसपैकी वीस किलोबाइट केवळ पडद्यासाठी खर्ची पडत. मुलांना त्यामुळे काटकसर शिकावी लागली आणि ती त्यांना आवडलीही. ‘ब्रेक’ नावाच्या कळेवर चुकून बोट पडले की सारे लिखाण नाहीसे झाल्यासारखे दिसे. मात्र लगेच ‘ओल्ड’ हा शब्द टंकित केला की ते जसेच्या तसे परत येई. नव्या मुलाचा चेहरा पांढराफटक पडायचा आणि मग जुना विद्यार्थी पुढे होऊन ही तीन अक्षरे ऐटीत टंकित करायचा. वीज गेली तर मात्र ‘ओल्ड’चाही इलाज नव्हता. म्हणून काम साध्या ध्वनिफितीच्या कॅसेटवर साठवत. गाण्याची कॅसेट तीच, फक्त गाण्याऐवजी तिच्यावर किंचाळल्यासारखा आवाज भरला जाई.

१९८८ साली नववीतल्या दोन मुलींनी या यंत्रावर एक काम केले, त्यासाठीच मी हे लिहीत आहे. त्यांपैकी एकीची आजी मांडवाच्या रात्री गाणी म्हणणाऱ्या बायांमध्ये शेवटची मानली जाई. आपल्या वसईच्या बोलीतली ती गाणी कुठे छापलेली नव्हती. आजीने टेपरेकॉर्डरपुढे गाण्यास साफ नकार दिला. आपण गेल्यावर आपला आवाज पेटीतून बोलावा, हे तिला अभद्र वाटे. लिहून घ्यायला मात्र तिची ना नव्हती. मुलींनी अकरा गाणी वहीत उतरवली आणि नंतर यंत्रात घातली. म्हणजे ज्या प्रकारच्या कॅसेटवर तिचा आवाज राहू शकला असता, त्याच प्रकारच्या कॅसेटवर केवळ तिचे शब्द राहिले, तेही तिच्याच इच्छेने.

यंत्राला देवनागरी येत नव्हती. आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच असे अक्षर आपण स्वतः आखू शकत असू, परंतु सहजपणे अशी बत्तीसच अक्षरे मावत. मराठीची व्यंजनेच त्याहून अधिक. काना-मात्रा आणि जोडाक्षरे तर दूरच राहिली. मुलींनी आपापल्या नावांची अक्षरे हौसेने आखून पाहिली आणि गाणी रोमन लिपीत टंकित केली. त्या वेळी मला फादर थॉमस स्टीफन्स आठवले. १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण राचोल येथे छापले गेले, तेव्हा देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन अक्षरांतच छापावे लागले होते. मराठीचे गोडवे गाणाऱ्या त्या ग्रंथाला पहिले वस्त्र परक्या लिपीचे मिळाले. १६१६, १६४९ आणि १६५४ या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण वाचले ते भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला छापलेली आवृत्तीही अशाच हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झाली.

आमची यंत्रे १९९६ मध्ये मोडीत निघाली. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी कॅसेटींचा डबा घरी आणला आणि ट्रंकेत ठेवला. आजी १९९१ मध्येच देवाघरी गेली होती. गाण्यांची वही तिच्या घरी होती. २६ जुलै २००५ च्या पुरात ती गेली. त्यानंतर त्या गाण्यांचा लेखी पुरावा म्हणून उरली ती एक कॅसेट, आणि ती वाचू शकेल असे यंत्र माझ्या माहितीत पंचक्रोशीत नव्हते.

येथे ‘इम्युलेटर’ या गोष्टीचा परिचय करून दिला पाहिजे. एखाद्या यंत्राचे हुबेहूब अनुकरण करणारी आज्ञावली म्हणजे इम्युलेटर. बीबीसीच्या यंत्राचे असे अनुकरण डेव्हिड गिल्बर्ट यांनी १९९४ मध्ये ‘बीबएम’ या नावाने सिद्ध केले; मॅट गॉडबोल्ट यांनी केलेले दुसरे एक तर इंटरनेटच्या साध्या पानावर चालते. आजचा संगणक जुन्या प्रक्रियकाची एकेक आज्ञा वाचतो, त्याने जे केले असते तेच करतो आणि त्याने जेवढा वेळ घेतला असता तेवढाच घेतो. पडद्याचे चित्र सेकंदाला पन्नास वेळा उमटायचे, म्हणून येथेही पन्नास वेळाच. जुन्या यंत्राची गती सेकंदाला वीस लक्ष ठोके होती. नवा संगणक हजारपट वेगवान असूनही स्वतःला आवरून त्या चालीने चालतो. ख्रिस्ती माणसाला यात स्वतःला रिक्त करणाऱ्याची आठवण व्हावी, हे साहजिक आहे; पण ही उपमा फार ताणू नये. यंत्राला नम्रता नसते, ती ते बनवणाऱ्याकडे असावी लागते. एखाद्या जुन्या चिपेत काही खोड असेल, तर ती सुधारण्याचा मोह टाळून खोडीसकट तिची नक्कल करावी लागते, कारण जुन्या आज्ञावल्या त्या खोडीच्या भरवशावरच लिहिलेल्या असतात.

हा केवळ हौशी लोकांचा खेळ नव्हे. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ मध्ये आपल्या राज्यातील जमीनजुमल्याची मोजदाद करून घेतली. तिची चर्मपत्रावरील वही ‘डूम्सडे बुक’ म्हणून आजही लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तिच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने नवी डूम्सडे तयार केली. दहा लाखांवर लोकांनी, त्यांत शाळकरी मुलांनी फार मोठ्या संख्येने, आपापल्या परिसराची हकीकत लिहून पाठवली. देशाचे चार किलोमीटर गुणिले तीन किलोमीटर असे तुकडे पाडून ही माहिती दोन मोठ्या लेझर तबकड्यांवर भरली आणि वाचण्यासाठी आमच्या यंत्राचाच थोरला भाऊ, ‘बीबीसी मास्टर’ नेमला. ती सामग्री इतकी महाग होती की थोड्याच शाळांना परवडली. सोळा वर्षांतच अशी वेळ आली, की तबकड्या आहेत पण वाचायला यंत्र मिळत नाही. अखेर २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन या विद्यापीठांच्या गटाने जुन्या यंत्राचे अनुकरण करून ती माहिती पुन्हा वाचून दाखवली.

ही कथा बहुधा ‘चर्मपत्र टिकले, तबकडी हरली’ अशा थाटात सांगितली जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. चर्मपत्र नऊशे वर्षे सांभाळणारे कुणीतरी होते आणि त्यावरचे लॅटिन वाचू शकणारे कुणीतरी प्रत्येक पिढीत होते. आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या पाहाव्यात. कागद पुष्कळदा शाबूत असतो. पोर्तुगीज वळणाचे ते हस्ताक्षर लावणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

२०१६ च्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आला. ट्रंक पाहून म्हणाला, “मामा, ही कॅसेट वाजवून तर बघू.” त्याने जुना टेपरेकॉर्डर तारेने आपल्या संगणकाला जोडला आणि तो किंचाळता आवाज भरून घेतला. त्या आवाजात दोनच स्वर असतात, खालचा बाराशे कंपनांचा आणि वरचा चोवीसशेंचा. खालचा म्हणजे शून्य, वरचा म्हणजे एक. सारी अकरा गाणी मिळून जेमतेम दोन मिनिटांचा आवाज होता. तो ओळखून त्याची फाइल करणारी एक लहान आज्ञावली भाच्याने मिळवली आणि ती फाइल इम्युलेटरला दिली. घोगरा स्वर, तीव्र स्वर, आणि पडद्यावर तीच अक्षरे. खोली तेवढी नव्हती; दाराबाहेरच्या चपला नव्हत्या.

पहिली नऊ गाणी सुखरूप उतरली. दहाव्याला यंत्र अडले. जुन्या रिवाजाप्रमाणे त्याने ‘डेटा?’ असा प्रश्न टाकला आणि फीत मागे घ्यायला सांगितले. आम्ही ती मागे घेतली, पुन्हा वाजवली, टेपरेकॉर्डरचे डोके स्पिरिटने पुसून पुन्हा वाजवली. कॅसेटवर मजकूर दोनशे छप्पन अक्षरांच्या तुकड्यांनी साठवलेला असतो. दहाव्या गाण्याचा शेवटचा तुकडा आणि अकराव्याचे मागले दोन तुकडे बुरशीने खाल्ले होते. जे तुकडे वाचता आले, तेवढे भाच्याने वेगळे काढून दिले.

खरी अडचण त्यानंतरची. पहिली सहा गाणी टंकित करणाऱ्या मुलीने एक शिस्त पाळली होती: ‘त’साठी लहान टी, ‘ट’साठी मोठा टी, तसेच ‘ल’ आणि ‘ळ’चे. पुढली पाच दुसरीने, म्हणजे आजीच्या नातीने टंकित केली होती. हे यंत्र सुरू होताच मोठ्या लिपीत लिहू लागते, आणि तिने ते तसेच चालू दिले होते. त्यामुळे आठव्या गाण्यात नवरीची आई ‘वाट’ पाहते आहे की दिव्याची ‘वात’ पाहते आहे, हे पडद्यावरून कळेना. दोन्ही अर्थ बसत होते. इम्युलेटरने एकही अक्षर चुकवले नव्हते. पण ते अक्षर मुलीच्या कानावर कसे पडले होते, ते त्याला कोठून ठाऊक असणार?

ती मुलगी आज कुवेतला परिचारिका आहे. तिच्या भावाकडून नंबर मिळवून फोन लावला. ओळ वाचून दाखवली, तशी क्षणभर ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “सर, वात. वरात परत येईपर्यंत आई दिव्यापाशी बसते ना, ती वात.” पाचही गाणी आम्ही अशी ओळीओळीने लावली, तिच्या रात्रपाळ्या सांभाळून याला तीन आठवडे लागले. माल की माळ, पात की पाट. कधी ती शब्द सांगण्याआधी गुणगुणून पाही, कारण चालीवर आला की तो शब्द आपोआप जिभेवर येतो, असे तिचे म्हणणे. दहाव्या गाण्याच्या हरवलेल्या ओळी तिने तशाच, गाता गाता सांगितल्या. आजीने नाकारलेला टेपरेकॉर्डर आम्हीही बंदच ठेवला आणि ऐकून लिहून घेतले.

ती अकरा गाणी आता देवनागरीत एका वहीत आहेत. वहीच्या तीन प्रती केल्या, एक धर्मग्रामाच्या कचेरीत दिली. अकरावे गाणे आठ ओळींपाशी थांबते. पुढच्या ओळींची चाल तिला पूर्ण येते, शब्द येत नाहीत. आजीच्या वयाच्या ज्या दोन-तीन बाया धर्मग्रामात उरल्या आहेत, त्यांच्याकडे मी जाऊन आलो. एकीला ते गाणे ऐकल्यासारखे वाटते, पण तिच्या वाड्यात ते वेगळ्या शब्दांनी म्हणत. तिचे शब्द मी दुसऱ्या पानावर लिहिले आहेत. मूळ पानावर आठव्या ओळीखालची जागा कोरी ठेवली आहे.